दाण्यातील सत्त्व ताटात किती येते?

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा नाट्यपरंपरेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्यामुळे धान्य, पीठ आणि भाकरी यांसंबंधीचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. त्याबद्दल प्रारंभीच दोन शब्द सांगतो. निवडणे, पाखडणे, सडणे, कांडणे, भरडणे, दळणे, चाळणे, भिजवणे, आंबवणे, उकडणे, भाजणे, परतणे ही सारी मराठी क्रियापदे आहेत. धान्यावर होणाऱ्या प्रत्येक संस्कारासाठी आपल्या भाषेने वेगळा शब्द राखून ठेवला आहे. भाषेचा अभ्यासक म्हणून या शब्दांकडे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. अलीकडे शेतीविज्ञानाने या जुन्या क्रियापदांना नवे महत्त्व आणून दिले आहे. त्यातील प्रत्येक क्रिया दाण्यातील काही सत्त्व राखते, काही घालवते आणि काही मोकळे करते. या घडामोडींचा हिशेब मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आपल्या भाषेत पाकशास्त्राची परंपरा समृद्ध आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. या दोन पुस्तकांनी मराठी घरांतील किती पिढ्यांना स्वयंपाक शिकवला, हे या सभागृहातील भगिनींना वेगळे सांगण्याची गरज नाही. पदार्थ कसा साधावा, हा त्या ग्रंथांचा विषय. आपल्यापुढे आता दुसराही एक प्रश्न उभा आहे. ज्या धान्यात शास्त्रज्ञांनी प्रयत्नपूर्वक अधिक लोह, अधिक जस्त, अधिक जीवनसत्त्व आणले आहे, ते धान्य कोठीतून, गिरणीतून आणि चुलीवरून ताटात येईपर्यंत त्यातले किती शिल्लक राहते?

अशा धान्याला कृषी विद्यापीठांच्या मराठीत ‘जैवसंपृक्त वाण’ म्हणतात. शब्द थोडा जड आहे, पण अर्थ सोपा आहे. मिठात आयोडीन मिसळतात ते कारखान्यात, वरून. जैवसंपृक्त वाणात वरून काही मिसळलेले नसते. ज्या झाडाला मातीतून अधिक लोह किंवा जस्त शोषून दाण्यात साठवता येते, असे झाड निवडून, त्याचा संकर आणि पुन्हा निवड करीत हे वाण तयार केलेले असते. आपल्या देशातील असे बहुतेक वाण याच रूढ पैदास-पद्धतीने सिद्ध झालेले आहेत.

याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळील पाटणचेरूची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या सहकार्यातून ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण पुढे आला. २०१२ साली तो महाराष्ट्रासाठी आणि २०१४ साली देशभरासाठी प्रसारित झाला. त्याचा पूर्वज असलेला आयसीटीपी ८२०३ हा वाण १९८८ पासून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा होता. त्यातूनच लोहसमृद्ध झाडे निवडत धनशक्ती घडला. सर्वसाधारण बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, तर धनशक्तीत ते ७१ मिलिग्रॅमच्या घरात जाते. जस्तही ४० मिलिग्रॅमच्या आसपास असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. तिच्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी गहू याच मालिकेतला. आपल्या मध्य प्रदेशापुरते बोलायचे तर भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इंदूर येथील केंद्राने तयार केलेला ‘पूसा तेजस’ हा कठिया गहू २०१७ साली प्रसारित झाला, आणि त्यात लोह व जस्त दोन्ही किलोमागे चाळीस मिलिग्रॅमहून अधिक आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आहे. २०१९ ते २०२१ या काळातील त्या पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात शेकडा ६७ मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. मध्य प्रदेशात हे प्रमाण शेकडा सुमारे ७३ आणि महाराष्ट्रात सुमारे ६९ होते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये दोन्ही राज्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी होत्या. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. लोहाची कमतरता हे त्यांतले एक प्रमुख कारण. जिथे गोळ्या पोहोचत नाहीत, किंवा पोहोचल्या तरी घेतल्या जात नाहीत, तिथे रोजच्या भाकरीतूनच लोह पोहोचवावे, हा या वाणांमागचा विचार आहे.

आणि ते खरोखर पोहोचते, याला पुरावा आहे. तोही मराठी मुलखातला. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बारा ते सोळा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना लोहसमृद्ध बाजरीचे पदार्थ काही महिने नेमाने देण्यात आले, दुसऱ्या गटाला साध्या बाजरीचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की आरंभी ज्यांच्या शरीरात लोह कमी होते, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून येण्याची शक्यता लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्या गटात सुमारे ६४ टक्क्यांनी अधिक होती. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या मुलांच्या अवधानात आणि स्मरणातही सुधारणा नोंदवली गेली. सीमाभागातील बेळगावात दोन-अडीच वर्षांच्या बालकांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे साध्या बाजरीतून दिवसाला सरासरी ०.२३ मिलिग्रॅम लोह शरीरात शोषले गेले, तर लोहसमृद्ध बाजरीतून ०.६७ मिलिग्रॅम. जवळजवळ तिप्पट. दोन्ही ठिकाणी बाजरी मुलांच्या पोटात गेली ती अर्थातच कच्ची नव्हे, तर दळून, शिजवून, पदार्थ होऊन. म्हणजे स्वयंपाकघर या शास्त्राच्या बाहेर नाही. प्रयोगाचा तोही एक भाग आहे.

आता त्या स्वयंपाकघरात शिरू. त्यापूर्वी एक भेद मनात पक्का करून घ्यावा लागेल. लोह आणि जस्त ही खनिजे आहेत. ती विस्तवाने जळत नाहीत आणि वर्षभर साठवल्याने उडून जात नाहीत. ती नष्ट होतात असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर ती कोंड्याबरोबर किंवा पाण्याबरोबर बाहेर टाकली गेलेली असतात, नाही तर दाण्यातच बांधून पडलेली असतात. जीवनसत्त्वांची प्रकृती निराळी. त्यांतली काही उष्णतेने, काही उजेडाने आणि काही हवेच्या संपर्काने खरोखरच नाश पावतात. खनिजे हरवतात, जीवनसत्त्वे मरतात, असे म्हटले तरी चालेल. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सारे सुलभ होते.

पहिले क्रियापद ‘साठवणे’. कणगी, कोठी, बळद, पेव हे शब्द आता कोशात अधिक आणि घरात कमी आढळतात. पण त्यामागचे तत्त्व जुने झालेले नाही. धान्य कडक वाळलेले असावे, ओल आणि हवा यांपासून दूर असावे. ओल राहिली की बुरशी येते आणि टोके, सोंडे यांचे फावते. काही किडींचा रोख दाण्याच्या अंकुराकडे असतो, आणि सत्त्वाचा मोठा वाटा नेमका तिथेच असतो. साठवणीकडे दुर्लक्ष झाले तर चांगल्या बियाण्याचे काय होते, याचा धडा मक्याने दिला आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अधिक सकस प्रथिनांचा मका सापडला. त्यावर आधारलेले ‘शक्ती’, ‘रतन’ आणि ‘प्रोटिना’ हे वाण आपल्या देशात १९७१च्या सुमारास आले. या मक्याचा दाणा मऊ आणि भुसभुशीत होता. कोठीत त्याला कीड लवकर लागे, उत्पन्नही कमी येई. शेतकऱ्याने तो नाकारला. सुरिंदर वसल आणि इव्हँजेलिना व्हिलेगस या दोन शास्त्रज्ञांनी मेक्सिकोत अनेक वर्षे खपून त्याच मक्याला कठीण दाणा मिळवून दिला. २००० सालचे जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळाले ते याच कामासाठी. दाण्यात सत्त्व होते, पण ते कोठीत टिकत नव्हते. म्हणून एका चांगल्या वाणाला आणखी कित्येक वर्षे थांबावे लागले.

पिवळ्या-केशरी रंगाच्या धान्यांत आणि कंदांत साठवणीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. त्यांतला रंग म्हणजेच अ जीवनसत्त्वाचा पूर्वरूप असलेला कॅरोटीन. केशरी मका साठवला की पहिल्या काही महिन्यांतच त्यातले कॅरोटीन बरेच घटते. तिरुवनंतपुरमच्या कंदपिके संशोधन संस्थेचे ‘भू सोना’ हे केशरी रताळे कॅरोटीनने भरलेले आहे. पण त्याचे काप करून उघड्या उन्हात वाळवले आणि महिनोन् महिने डब्यात ठेवले, तर रंगाबरोबर गुणही उतरतो. उलट ते सालीसकट, अख्खे, झाकण ठेवून उकडले तर त्यातले बहुतांश कॅरोटीन शाबूत राहते. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागते. एकादशीला उकडलेल्या रताळ्यावर तुपाची धार घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते; रिवाज मात्र योग्य होता.

साठवणीची खरी कसोटी बाजरीच्या पिठाची. बाजरीच्या दाण्यात अंकुराचा भाग मोठा आणि तेलाचे प्रमाण इतर तृणधान्यांपेक्षा जास्त. दाणा अखंड असेपर्यंत ते तेल सुरक्षित असते. दळले की दाण्यातलीच विकरे तेलाचे विघटन सुरू करतात आणि आठवड्याभरात पीठ कडवट होऊ लागते. लोह तर तसेच राहते. पण कडू भाकरी मूल खात नाही, आणि न खाल्लेल्या भाकरीतले लोह कोणाच्या उपयोगाचे? म्हणून बाजरी थोडी थोडी दळावी हा जुना दंडक. बाजरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, लगेच काढून, पूर्ण वाळवून मग दळली तर ती विकरे निकामी होतात आणि पीठ पुष्कळ अधिक दिवस टिकते. असे सोपे उपाय घरोघर पोहोचणे अगत्याचे आहे.

दळणाचा विषय निघाला की जाते आठवते आणि जात्याबरोबर ओवी. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मराठी संस्कृतीवरचे मोठे ऋण आहे. पण त्याच ओव्यांमधून पहाटेच्या दळणाचे कष्टही ऐकू येतात. रोजचे ताजे पीठ ज्या हातांनी दिले, त्या हातांना त्यासाठी झोप मोडावी लागत होती. म्हणून जात्याकडे परत चला, असे मी म्हणणार नाही. गिरणी आली हे चांगलेच झाले. आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणण्याची सवय मात्र गिरणीच्या काळातही ठेवता येते.

पुढची क्रियापदे ‘सडणे’, ‘कांडणे’ आणि ‘चाळणे’. सत्त्वाची सर्वांत मोठी गळती इथे होते. गव्हातले लोह आणि जस्त मुख्यत्वे दाण्याच्या बाहेरच्या थरांत आणि अंकुरात असते. मैदा करताना हाच भाग निघून जातो, आणि बरोबर खनिजांचा मोठा हिस्सा नेतो. पूसा तेजसचा मैदा केला, तर इंदूरच्या शास्त्रज्ञांच्या वर्षानुवर्षांच्या परिश्रमांतले पुष्कळसे गिरणीच्या मागच्या पोत्यात पडते आणि गुरांच्या वाट्याला जाते. घरी पोळ्या मऊसूत व्हाव्यात म्हणून बारीक चाळणीने पीठ चाळून कोंडा टाकतो, तेव्हा लहान प्रमाणात हेच घडते. या बाबतीत माळव्याच्या बाफल्याचे कौतुक केले पाहिजे. त्याला रवाळ, जाडसर, कोंड्यासकटचे पीठ चालते, किंबहुना तेच लागते. तांदळाची गोष्ट जरा निराळी. सडताना तांदळातले लोह फार जाते, पण जस्त दाण्यात आतपर्यंत पसरलेले असल्याने त्याचा बचाव अधिक होतो. म्हणूनच हैदराबादच्या भात संशोधन संस्थेच्या ‘डीआरआर धान ४५’ या वाणात सडलेल्या तांदळातसुद्धा किलोमागे २२ मिलिग्रॅमहून अधिक जस्त मिळते. ब गटाची जीवनसत्त्वे मात्र सडण्यात जातात, उरलेली तांदूळ चारचारदा धुण्यात आणि पेज ओतून टाकण्यात जातात. भात वाफवून मग सडण्याची कोकणातली उकड्या तांदळाची रीत या दृष्टीने शहाणपणाची. वाफेमुळे कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्याच्या आत सरकतात आणि सडल्यावरही टिकतात.

इथे विषयातली खरी गुंतागुंत सुरू होते. ज्या कोंड्यात खनिजे असतात, त्याच कोंड्यात फायटिक आम्ल नावाचे द्रव्यही असते. बीजाला रुजताना लागणारा स्फुरद झाड त्या रूपात साठवून ठेवते. हे द्रव्य लोहाला आणि जस्ताला घट्ट धरून बसते. आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. त्यामुळे तृणधान्यातल्या लोहापैकी शेकडा पाच-दहा भागच बहुधा अंगी लागतो. कोंडा टाकावा तर खनिज जाते आणि ठेवावा तर ते बांधलेले राहते, असा हा पेच आहे.

तो सोडवणारी क्रियापदे आपल्याच भाषेत आहेत: ‘भिजवणे’, ‘मोड आणणे’, ‘आंबवणे’. दाणा ओलावला की तो रुजण्याच्या तयारीला लागतो आणि स्वतःच्याच विकराने ते फायटिक आम्ल फोडू लागतो. मोड आले की हे काम पुढे जाते. आंबवताना निर्माण होणारी आंबट जीवाणू-सृष्टीही त्याला मदत करते. मोड आणून, वाळवून, दळून केलेल्या नाचणीच्या पदार्थाला मराठीने थेट ‘सत्त्व’ असेच नाव दिले आहे. ज्वारी-नाचणीची आंबील, मोडाची उसळ, इडली-आंबोळीचे पीठ यांत बांधलेली खनिजे थोडीबहुत मोकळी होतात. भाकरीचे पीठ मात्र आपण मळून लगेच थापतो. तिथे आंबवण्याला अवकाश नाही. तिच्यासाठी दुसरी वाट शोधावी लागते, आणि ती शेवटच्या क्रियापदाशी सापडते. त्याआधी विस्तवाविषयी थोडे सांगू.

‘भाजणे’ आणि ‘शिजवणे’ यांना लोह-जस्त भीत नाहीत. तव्यावरच्या भाकरीत पिठातले लोह जवळजवळ पूर्ण राहते. तवा किंवा कढई बिडाची वा लोखंडी असेल आणि पदार्थ आंबटसर असेल, तर भांड्यातलेच थोडे लोह अन्नात उतरते. तोटा होतो तो जीवनसत्त्वांचा. फार वेळ शिजवणे, शिजवलेले पाणी ओतून देणे, डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकणे यांमुळे ब-१ जीवनसत्त्वाची हानी होते. भाजी चिरून मग धुणे किंवा चिरून तासन् तास ठेवणे यांमुळे क जीवनसत्त्व जाते.

या क जीवनसत्त्वाचा भाकरीशी निकटचा संबंध आहे. आणि तो जुळतो ‘वाढणे’ या शेवटच्या क्रियापदात. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, हिरवी मिरची, कोथिंबीर, ताजा हरभरा असे काही असेल, तर त्यातले क जीवनसत्त्व धान्यातले बांधलेले लोह सोडवून शोषणाला सुकर करते. पेरूला इथे माळव्यात ‘जाम’ म्हणतात. भोपाळच्या हिवाळ्यात तो हातगाडीवर मुबलक असतो. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यातल्या टॅनिनमुळे लोहाची वाट अडवतो. भोगीच्या दिवशी तिळाची बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाटाणा, गाजर, बोरे घातलेली मिसळीची भाजी वाढायची रीत आहे. ती ऋतूला धरून आली असेल. पण लोहाच्या दृष्टीने त्या ताटाची मांडणी उत्तम आहे.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. एका माणसाने दिवसात २०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या. साध्या बाजरीतून त्याला साडेनऊ मिलिग्रॅम, तर धनशक्तीतून सुमारे चौदा मिलिग्रॅम लोह मिळाले. धनशक्ती खाणाऱ्याने जेवणावर चहा घेतला, सोबत ताजे काही नव्हते आणि शोषण शेकडा पाच झाले, तर अंगी लागले ०.७ मिलिग्रॅम. साधी बाजरी खाणाऱ्याने लिंबू पिळले, पालेभाजी घेतली, चहा तासाभराने घेतला आणि शोषण शेकडा दहापर्यंत गेले, तर त्याच्या अंगी लागले ०.९५ मिलिग्रॅम. चांगल्या बियाण्यावर साध्या बियाण्याने मात केली. दोन्ही जुळून आली, धनशक्तीही आणि लिंबूही, तर १.४ मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट. बियाणे अर्धे काम करते आणि स्वयंपाकघर उरलेले अर्धे, हे म्हणणे या हिशेबावर आधारलेले आहे.

मात्र या विधानातून एक चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका आहे, आणि तो मला स्पष्टपणे नाकारावासा वाटतो. देशात रक्तक्षय आहे तो बायकांना नीट रांधता येत नाही म्हणून, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पुष्कळ घरांत लिंबू आणि पालेभाजी रोज परवडत नाही. अजूनही कित्येक घरांत सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले जेवणारी व्यक्ती तीच असते, जिने दळले, चाळले, भाजले. भाजी संपलेली असते, भाकरी आणि मीठ-तिखट उरलेले असते. सर्वेक्षणातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचा आकडा वाचताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे. तेव्हा ‘वाढणे’ या क्रियापदात काय वाढले याइतकेच कोणाला केव्हा वाढले, हेही येते. ते सुधारण्यासाठी कोणत्याही विद्यापीठाच्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी अडचण बाजारातली आहे. केशरी रताळे डोळ्यांना ओळखू येते. लोह आणि जस्त यांना मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. धनशक्तीची बाजरी आणि शेजारच्या पोत्यातली बाजरी आपल्याला सारखीच दिसते. आपण ‘शरबती’ गहू सीहोरचा म्हणून नाव घेऊन मागतो, कारण त्याची चव आणि पोळी आपल्याला कळते. लोहाची मागणी अशी जिभेतून येणार नाही. ती माहितीतूनच यावी लागेल. ग्राहक नावाने मागू लागला तर व्यापारी वेगळे पोते ठेवील, आणि व्यापाऱ्याने वेगळे पोते ठेवले तर शेतकऱ्याला ते पेरण्याचे कारण मिळेल.

या कामात भोपाळचे स्थान लहान नाही. आपल्या शहरात बैरसिया मार्गावर नबीबाग येथे केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था १९७६ पासून आणि भारतीय मृदा विज्ञान संस्था १९८८ पासून काम करीत आहेत. पहिलीचा विषय धान्याची हाताळणी, प्रक्रिया, साठवण. दुसरीचा विषय माती, आणि मातीतली जस्तासारखी सूक्ष्म द्रव्ये. देशातील तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुन्यांत जस्त कमी आढळले आहे. मातीतच नसेल तर उत्तमोत्तम वाण ते दाण्यात आणणार कुठून? म्हणजे साखळी मातीपासून सुरू होते आणि ताटापाशी संपते. तिची दोन महत्त्वाची शास्त्रे आपल्या घरापासून काही मैलांवर आहेत. त्या संस्थांतील ज्ञान इंग्रजीत आणि हिंदीत उपलब्ध होते. मराठी घरांत ते मराठीत आले, तर चुलीपर्यंत लवकर पोहोचेल.

१९५६ साली भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून अनेक मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने येथे आली. येताना त्यांनी पुस्तके आणली, तशा जेवणाच्या सवयीही आणल्या. भाकरी करणाऱ्या घरांत हळूहळू गव्हाची पोळी रोजची झाली, बाजरी संक्रांतीपुरती राहिली. पुस्तके जपण्यासाठी आपण ग्रंथालय राखले. त्या सवयींमधले जे शहाणपणाचे होते, ते राखणारी संस्था मात्र घराशिवाय दुसरी नव्हती. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाला एक विनंती करतो. पाकशास्त्राच्या कपाटात आहारशास्त्राची आणि धान्य-साठवणीची चांगली मराठी पुस्तके, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका यांची भर घालावी. वर्षातून एकदा या शहरातील एखाद्या शास्त्रज्ञाला येथे बोलवावे, आणि त्याच्यासमोर श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तींना बसवावे. त्यांचे प्रश्न शास्त्रज्ञाच्याही उपयोगी पडतील. पीठ किती दिवस ठेवता येते, कोणती भाकरी मूल टाकून देते, कोंडा ठेवला तर पोळी कुठे तुटते, हे त्यांना प्रयोगशाळेपेक्षा आधी कळते.

आणि सभासदांना सांगणे एवढेच. पीठ थोडे दळून आणावे, कोंडा शक्यतो टाकू नये, कडधान्यांना मोड आणावेत, ताटात लिंबाची फोड असावी, चहा तासाभराने घ्यावा, आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी जेवायला बसावे. यांतली एकही गोष्ट खर्चाची नाही. शास्त्रज्ञांनी दाण्यात घातलेले सत्त्व वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे, ते आपण करावे.